बर्फातलं भोक

कुओपिओ, जानेवारी, उणे चोवीस.
तळघरातल्या खोलीला खिडकी नाही.
दाराच्या फटीवर काळी पट्टी मी दोनदा चिकटवलीय,
कारण गेल्या मंगळवारी जिन्यातल्या दिव्याची एक रेघ आत आली
आणि एल्यासचे साडेतीन तास वाया गेले.
तो बोलला काही नाही.
कॉफी मात्र एकट्यापुरतीच केली.

बशीत मेंदूचा काप आहे,
नखापेक्षा लहान. चौदा दिवसांचा गर्भ, उंदराचा.
आईचा पिंजरा वर मीच नेला होता,
क्रमांक चव्वेचाळीस-सतरा.
कापसाचं घरटं तिनं अर्धंच विणलं होतं.
हे लिहायला नोंदवहीत रकाना नाही.

या मूळपेशी. अजून कुणीच नाहीत त्या.
पाय खाली पोकळीतल्या पाण्याशी,
हात वर, पार सालीपर्यंत ताणलेला,
आणि त्याच हाताला धरून त्यांच्या लेकी वर चढतात.
तेवीस वर्षांपूर्वी हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा
मी म्हटलं होतं, पाठ धरत असेल त्यांची.
सगळे हसले. मी गंमत करत नव्हते.

त्यांच्या एका जनुकाला काजव्याचा उजेड जोडलाय.
उडता काजवा मी पाहिलेला नाही,
आमच्याकडचा गवतातच बसून मिणमिणतो.
जनुक बोलू लागलं की ठिपका उजळतो.
त्याच्या बोलण्यातून जे प्रथिन घडतं
ते माघारी येऊन त्याच्याच तोंडावर हात ठेवतं.
अंधार.
मग प्रथिन विरतं, हात गळून पडतो,
जनुक पुन्हा बोलतं.
दोन-अडीच तासांचा फेरा.
हा फेरा चालू आहे तोवर
पेशीला काहीही होता येतं.

वडील तळ्यावर भोक पाडून मासे धरायचे.
मला सोबत न्यायचे, हातात गाळणी द्यायचे.
थोड्या थोड्या वेळानं ते पहारीनं कडा फोडत,
मी चुरा उपसून बाजूला टाकी.
मासा मिळो न मिळो, म्हणत,
पाणी उघडं राहिलं पाहिजे.
एका रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली.
जाग आली तेव्हा भोक मिटलेलं,
आणि गळाची दोरी बर्फात धरलेली,
अर्धी आमच्याकडे, अर्धी खाली.
वडिलांनी ती कापली नाही.
बराच वेळ नुसती बोटानं छेडत राहिले.

तीन वाजून चाळीस मिनिटं.
डावीकडून तिसरी. एकोणीस तास बघतेय तिला,
आठ वेळा उजळली, आठ वेळा विझली.
आता उजळायला हवी होती.
पुढचं चित्र: नाही.
त्यापुढचं: नाही.
एल्यास कोट पांघरून खुर्चीत झोपलेला, त्याला हलवलं.
मेली का रे?
डोळे चोळत त्यानं पडद्याकडे पाहिलं,
आकडे मागे-पुढे सरकवले.
"नाही," म्हणाला, "ठरलं तिचं."
एखाद्या घरात सोयरीक जमल्याची बातमी सांगावी तसं.
"आता ही चेतापेशी होणार."

कसली? मिशीच्या एका केसाला वारा लागला
एवढंच जाणणारी कदाचित,
जो उंदीर जन्मलाच नाही त्याच्या मिशीला.
वर पोचायला तिला दोन दिवस लागले असते.
काप उद्या दुपारपर्यंत टिकतो.

मी वेळ लिहिली. पुढे फुली.
मग ती फुली खोडून नुसता ठिपका केला,
एल्यासनं कारण विचारलं नाही.
बाहेर तळ्याचा बर्फ कण्हला,
कडाक्याच्या थंडीत तो असा लांबवर कण्हतो,
तळघरातही पायाला कळतं.

शेजारची मात्र उजळतेय,
अगदी फिकट, नववी वेळ.
हलू नकोस, मी एल्यासला म्हटलं, दाराला हात लावू नकोस.
पुढचं चित्र घेतेय.