तापाची वही

घोडीच्या शेपटीला चिमटा, चिमट्याला दोरी,
दोरीच्या टोकाला थर्मामीटर.
सकाळी सहाला. संध्याकाळी सहाला.
आकडा लिहायचा, पुढं सही करायची.
नियम म्हणजे एवढंच काम होतं.

मी लिहिलं
शंभर पॉइंट चार
शंभर पॉइंट दोन
शंभर पॉइंट चार
अशा चौदा ओळी, एका बैठकीत,
पिकअपच्या बॉनेटवर वही टेकवून,
कॉफी निवायच्या आत.
मध्ये एकदा पेन बदललं, खरं वाटावं म्हणून.

फाटकावरचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता.
नेब्रास्कात वारा काही टिकू देत नाही,
यावर आम्ही सगळे हसलो.
एकवीस दिवस कुणी तबेला सोडायचा नाही.
एकाच्या बादलीतला पाइप दुसऱ्याच्या बादलीत बुडवायचा नाही.
एका नाकावरून फिरवलेला हात दुसऱ्या नाकावरून नाही.
भरलेली फी परत मिळणार नाही, हे मात्र
कागदावर नव्हतं. ते आम्हाला पाठ होतं.
माझी मुलगी सतराची, पुढल्या वर्षी वयात बसणार नव्हती.
घोडी सोळाची. तिला पुढलं वर्ष होतं की नव्हतं
कुणास ठाऊक.

गुरुवारी कुमैतनं तोबऱ्यात तोंड घातलं
आणि तसंच बाहेर काढलं.
मी काच उन्हाकडं धरली.
एकशे दोन पॉइंट आठ.
पारा झटकून खाली आणला,
जसा काही तापच खाली आणला.
मग पांढरी पूड, सफरचंदाच्या गरात कालवून.
दुपारपर्यंत अंग गार, कान टवकारलेले.
शनिवारी तिनं तीन पिंपांना वळसे घातले
सतरा पॉइंट एक सेकंदात,
एकही पिंप हललं नाही.
बक्कल मिळालं. बशीएवढं.

शेजारच्या खणात आयोना फ्रिट्झची पिवळी घोडी होती, जुनिपर.
दोघी गजांमधून नाकाला नाक लावून उभ्या,
जुनी ओळख असल्यासारख्या.
आयोनाची बादली फुटली होती.
माझी घे की, म्हणाले मी.
शेजारधर्म आम्हाला लगेच सुचतो.

नऊ दिवसांनी फोन आला. मी गेले.
जुनिपरचे मागचे पाय तिचं ऐकत नव्हते.
शेपूट ओल्या दोरखंडासारखी लोंबत होती,
लघवी थेंबथेंब, तिच्या नकळत.
मग ती बसली.
कुत्रं बसतं तशी, पुढचे पाय ताठ रोवून,
आणि आमच्याकडं बघत राहिली,
जणू हे करून दाखवायला आम्हीच सांगितलं होतं.
रात्रभर ट्रॅक्टरला पट्टे बांधून तिला उभं धरलं.
आयोना खरारा करत होती.
उभं राहता न येणाऱ्या घोडीला
खरारा.
मी टॉर्च धरला होता. हात कोपरापर्यंत
साबणानं धुऊन आले होते. तेव्हा.

पहाटे डॉक्टर लेन्झनं सुई टोचली
आणि पट्टे एकदम ताणले गेले.

मग ती सगळ्यांच्या वह्या घेऊन पायरीवर बसली.
माझ्या पानावर तिचं बोट थांबलं.
खाली गेलं. पुन्हा वर आलं.
"तुमचं अक्षर फार नेटकं आहे," ती म्हणाली,
आणि पान उलटलं.

फाटकाला आता साखळी आहे,
बूट बुडवायला औषधाचं घमेलं आहे,
कागद चार खिळ्यांनी ठोकलाय.
वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच,
फक्त यातलं घोडं पुरलेलं.

कुमैत बरी आहे. चरते. कुंपणाशी जाऊन
रिकाम्या खणाकडं तोंड करून उभी राहते,
आणि मी काही अर्थ लावत नाही.

नियम उठून सहा आठवडे झाले.
सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला
मी दोरी, चिमटा, वही घेऊन जाते.
शंभर पॉइंट एक. नव्याण्णव पॉइंट नऊ.
एकही आकडा आदल्या दिवसासारखा येत नाही.
आयोना गाडी हळू करून हात हलवते.
तिला वाटतं, मी फार जपते.