दोनची ओहोटी

फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत
भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी डोंगराचा आराखडा काढतोय.
पेन्सिल तीच, हात तोच.
खाडी एका रेघेत येते,
डोंगर काही केल्या कागदावर बसत नाही.

एकतीस किलोमीटर, इस्माईल सोलकर म्हणतो
मोबाईलवरच्या नकाशाला बोट लावून.
धाकू झोरे फोनवर हसतो :
"किलोमीटर आमच्यात नाय.
पयल्या पान्यापास्नं दुसऱ्या पान्यापर्यंत एक चाल.
दुसरं पानी आटलं, की तीच चाल दोन चालींची होते."
लिहून घेतलं. दुसरं पाणी : आटलेलं धरावं.
म्हणजे माणशी चार लिटर,
म्हणजे पाठीवर चार किलो आधीच,
म्हणजे कुंदाने चिवडा घरी ठेवावा
आणि मी माझी दुर्बीण.
कुंदा म्हणते, दुर्बीण ठेव. चिवडा येणार.

पहाटे चारला पायथा. बॅटऱ्या, जादा सेल.
उजाडता उजाडता नाळेच्या तोंडाशी.
नाळेत दगड सुटे. अंतर ठेवून चढायचं.
वरच्याने ओरडायचं,
खालच्याने वर बघायचं नाही.
गवे वाटेत असले तर वाट त्यांची.

वनखात्याचा अर्ज : नाव, वय, रक्तगट, हेतू.
वयापाशी इस्माईलने चोपन्न लिहिले, खोडले,
पुन्हा चोपन्नच लिहिले.
हेतूपुढे कुंदाने 'निसर्ग निरीक्षण' लिहिलं,
सगळे लिहितात म्हणून.
माझा रकाना रिकामा.
काय लिहू? की थंडीतल्या चार-दोन सकाळी
धक्क्यावरून पूर्वेला एक निळी कड दिसते,
आणि उतारू सगळे समुद्राकडे तोंड करून उभे असतात?

गेल्या वर्षी हीच वाट.
तीन वाजून गेले तरी
'माथा तो काय, दिसतोय' म्हणत राहिलो.
दिसत होताच.
स्वच्छ हवेत पलीकडचा किनारा
हाताशी आल्यासारखा भासतो,
हे रोज बघणारा मीच, आणि मीच पुढे होतो.
अंधार सड्यावर गाठला.
इस्माईलचा घोटा इतका सुजला की बूट चाकूने चिरावा लागला.
रात्रभर तिघे एका प्लास्टिकच्या कागदाखाली;
फार खाली आगगाडीचा एक दिवा
बोगद्यात शिरला
आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.
घरी कोणी काही बोललं नाही.
तो बूट मात्र इस्माईलच्या बायकोने टाकलेला नाही.
दारापाशीच आहे, चिरलेला, दुसऱ्या बुटाशेजारी.

पाण्यावर असं चालत नाही.
उतरलं की उतरलं.
बोटीत वरात असो नाहीतर साहेबाची गाडी,
तळ चिखलाला लागतो आणि सगळे गप्प बसतात.
डोंगराला ओहोटी नाही.
तो कुणालाच नको म्हणत नाही,
रात्रीसुद्धा नाही.
तेव्हा आपणच लावून घ्यायची :
दुपारी दोन. जिथे असू तिथून मागे.
माथा वीस पावलांवर असला तरी.

"वीस?" इस्माईल मान वर करतो.
वीस.
"दहा?"
कुंदा डब्याचं झाकण दाबून बसवते, बोलत नाही.

खिडकीवर नाणं वाजतं. दोन मोठी माणसं, एक स्कूटर.
तक्ता उलटून मी पुढची वेळ सांगतो,
सुटे देतो, तक्ता परत उलटतो,
दोनच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढतो.
मग तोच गोल शाईने.

बाहेर साखळदंड खडखडतो, बोट सुटते.
"पाच?" इस्माईल विचारतो.