निजानीज

पिरेटची गाडी ऑक्टोबरपासून आमच्या गॅरेजात,
आणि पिरेट बर्गेनच्या इस्पितळात, रात्रपाळीला.
फोनवर म्हणाली, बाबा, बॅटरी काढून घरात आण,
या थंडीत बसेल ती.
उलो म्हणाला, त्यात काय, दहाचा पाना आणि पाच मिनिटं.
चाळीस वर्षं ट्रॅक्टर उघडलेत या माणसानं.
आमच्या जुन्या मॉस्क्विचचं इंजिन
सफरचंदाच्या झाडाला टांगलं होतं एकदा,
त्या साली फांदी मोडली, गाडी मात्र चालली.

पाऊण तासानं परत आला. पाना कोरडाच.
"झोपत नाही गं ती."
मला वाटलं, पिरेटविषयीच बोलतोय.

गाडी बंद केली तरी आत म्हणे
वीस-पंचवीस बारके संगणक जागे असतात,
एकमेकांत कुजबुजत:
दाराचं काय, काचेचं काय, कोण आलं, कोण गेलं.
त्यांची निजानीज होईपर्यंत तार सोडायची नाही.
पुस्तकात लिहिलंय. पुस्तक जर्मनमध्ये.
उलोनं शब्दकोश काढला, चष्मा पुसला,
बॉनेट उघडं ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरनं दाबली,
म्हणजे गाडीला वाटावं झाकण मिटलंय.
उणे बावीसमध्ये उलो एका यंत्राला फसवत होता
आणि त्याला लाज वाटत होती.

तो जवळ गेला की आरसे उघडायचे, दिवे लागायचे,
पाहुणा आल्यासारखं सगळं लगबगीनं.
तीनदा. चौथ्यांदा मी दारातून ओरडले,
अरे, खिशात किल्ली ठेवून अंगाई कसली म्हणतोस!
किल्ली मी आल्याच्या बिस्किटांच्या डब्यात टाकली,
पत्र्याचं झाकण घट्ट लावलं,
आणि शाल घेऊन त्याच्याशेजारी सरपणावर जाऊन बसले.
बोलायचं नाही असं ठरलं.
का, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

पिरेट तान्ही असताना पोट दुखून रडायची.
पाळण्याच्या गजांतून हात घालून उलो तासन्‌तास बसायचा,
आणि ती निजली की एकेक बोट सोडवून घ्यायचा.
करंगळी सगळ्यात शेवटी.

दारावरचा तांबडा ठिपका मिचकावत राहिला, राहिला,
मग नाही मिचकावला.
उलो उठला. गुडघे वाजले, तेवढ्यानंही दचकला.
आधी उणं सोडलं, मग अधिक.

बॅटरी अठरा किलोंची. ओसरीत शनिवारच्या पेपरावर ठेवली.
लगेच वीज द्यायची नाही, आधी ऊब;
गारठलेल्या पोटी जेवण वाढत नाहीत.
रात्रभर तिच्या बाजूला माझं राईचं पीठ फुगत होतं.
वायू साठू नये म्हणून त्यानं खिडकी किलकिली ठेवली,
आणि पीठ रुसलं. पाव दगडासारखा झाला.
खाल्ला त्यानं, निमूट.

मार्चअखेर बर्फ उताराला लागलं,
पिरेट ईस्टरला येते म्हणाली.
आधी अधिक लावलं, मग उणं.
गाडी जागी झाली ती बावरलेली:
काचा अर्ध्यावर थांबायच्या,
सुकाणूचा पिवळा दिवा जाईना,
रेडिओ आम्हालाच विचारू लागला, सांकेतिक आकडा सांगा.
उलोनं एकेक काच वर नेली, बटण दाबून धरलं,
हं, इथपर्यंत, इथपर्यंत जायचं असतं तुला.
चाक डाव्या टोकाला, उजव्या टोकाला. दिवा गेला.

मग त्यानं आसनाचं पहिलं बटण दाबून पाहिलं.
आसन सावकाश पुढे सरकलं, सरकत राहिलं,
पिरेटच्या आखूड पायांच्या मापानं,
आणि उलोचं पोट चाकावर दाबलं गेलं.
"हे नाही विसरली," तो आतून म्हणाला.
मला हसू आवरेना. मागे घे की, म्हटलं.
नाही घेतलं. बसला तसाच,
गुडघे हनुवटीशी, श्वास जेमतेम.

घड्याळ तेवढं लावलं नाही.
ती येईल, ती लावेल, म्हणतो.
म्हणून गॅरेजात अजून एक जानेवारी आहे,
आणि डब्यातली किल्ली काढली
की बोटांना आल्याचा वास लागतो.