पाल्हाळ

लांब मालिकेची पर्वं पाडतात
तशी बाबांनी आमच्या घराचीही पाडली होती.
मिठाच्या बंदराचं पर्व : मी पहिलीत, नवा फ्रिज.
सात घंटांचं पर्व : तोकोरोझावाला घर हलवलं,
सामानात आईची शिवणाची पेटी हरवली ती हरवलीच.
राजधानीचं पर्व रंगात आलं होतं
तेव्हा डॉक्टरांनी आईची फिल्म उजेडावर धरली.

बाबा पटकथा लिहायचे. उसुई तामोत्सु.
श्रेयनामावलीत चौथी ओळ, दीड सेकंद.
कामि-इगुसात टोफूच्या दुकानावर त्यांची कचेरी,
जिन्यात बारा महिने सोयाबीनची वाफ.

त्या शरदात अडचण अशी झाली
की मालिका मूळ चित्रकथेच्या टाचेवर आली.
आठवड्याला एकोणीस पानं काढणारा तो माणूस
मनगटाला पट्टी बांधून बसला होता.
"तेरा भाग घाला मध्ये," निर्माता म्हणाला,
"काहीही. बेट, जत्रा, हरवलेलं मांजर.
फक्त कुणी मरायचं नाही.
कुणाला नवा व्रण नको, कुणाचे केस कापायचे नाहीत,
कुणी काही शिकायचं नाही.
बाहेर पडताना सगळं जिथल्या तिथे."

असं पाल्हाळ एरवी पर्व संपल्यावर लावतात,
म्हणजे शिवण दिसत नाही.
बाबांनी बोट ठेवलं एकशेबेचाळिसाव्या भागाच्या शेवटावर :
काइ गुडघ्यांवर, सेनापतीची तलवार वर,
तो डोळे मिटतो.
"इथे."
"इथे? अहो, पोरं दगड मारतील."
"इथेच. पापणी मिटते आणि उघडते, तेवढ्यात."

मग त्या पापणीआड एक तळं आलं.
तळ्यावर धुकं, धुक्यात होडी, होडीत एक बाई.
तिला नाव नव्हतं. यादीत नुसतंच : नावाडीण.
पैलतीर आलाच, म्हणायची,
आणि तो यायचा नाही.
वल्ह्याला विसावा द्यायची तेव्हा
पर्सिमनचं फळ सोलायची,
साल एकाच लांब फितीत, तुटू न देता.
काइला एवढंच काम, की बघत बसायचं.

रुग्णालयातला टीव्ही कार्डावर चालायचा,
हजार येनचं कार्ड, मिनिटं उलटी मोजणारं.
सातवा रविवार असेल.
आई उशीला टेकून बघत होती, म्हणाली,
"सुरी चुकीची धरलीय. अंगठा फळावर हवा."
बाबांनी ते पावतीच्या पाठीवर टिपून घेतलं.
शेवटच्या भागात बघा,
अंगठा फळावर आहे.

वर्गात मुलं मला धरून विचारायची,
तलवार कधी पडणार, तुझ्या बाबांना माहीत असेल ना.
मी म्हणायची, नाही माहीत.
नव्हतंच.
एवढंच दिसायचं की ते रात्री टेबलावर वाकून बसलेत
आणि कुठेतरी वर, हवेत,
एक पातं तेरा आठवडे थांबलंय.

एकशेछप्पन्नाव्या भागाच्या रविवारी
आमच्याकडे टीव्ही लावला नाही.
काइने वार अडवला
हे मला नंतर कळलं, शाळेत गेल्यावर.

आता मालिका संपून पंधरा वर्षं झाली.
तळ्याचा पुढे कुणी उल्लेख केला नाही,
करायचा नव्हताच.
बघणाऱ्यांनी याद्या केल्यात, कामाचे भाग, बिनकामाचे भाग :
१४३ ते १५५, वगळलं तरी चालेल.
खरंच चालतं. कथा कुठेच अडत नाही.

काल माझ्या हिसाकीने तेच केलं.
बेचाळीसवरून थेट छप्पन्नवर उडी.
पापणी मिटली, पापणी उघडली.
मी भांडी विसळत होते, वळले नाही.
बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन,
चष्मा कपाळावर.

"आजोबा, याचे डोळे ओले का आहेत?
आत्ता तर नव्हते."

वर्तमानपत्राचं पान उलटलं.
"धुकं असेल," बाबा म्हणाले.
"कुठलं धुकं?"