डिझेलची वही

व्रात्साहून बसमध्ये बसलो तेव्हा
चार हजार तीनशे युरो ओग्न्यानच्या मोज्यात होते,
डाव्या. उजव्याला भोक आहे.
माझ्या पर्समध्ये यादी:
डिझेलच हवी. मागे जुळ्यांच्या दोन खुर्च्या,
मध्ये सासूबाई, गुडघे न दुमडता.
सप्टेंबरात टपावर मिरच्यांची पोती नेता यावीत.
रंग कोणताही, पांढरा सोडून.

तीस तास. हंगेरीत कुठेतरी त्स्वेतान म्हणाला,
"मावशी, जर्मन म्हातारे गाडी लेकरासारखी जपतात."
मी काही बोलले नाही.
सहा वर्षं जर्मन म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलंय मी,
ते काय काय जपतात मला ठाऊक आहे:
दोऱ्याचे तुकडे, रिकाम्या बरण्या, भांडणं.

डोर्टमुंडच्या बाहेर, रेल्वेपुलाखाली
गाड्या दाटीवाटीनं उभ्या. काचेवर आकडे.
हॉल्गर नावाचा माणूस,
थोरल्या सुनेसारखा कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
पहिलीनं सुरू होताच निळा धूर सोडला.
दुसरीचा टर्बो किटलीसारखा शिट्टी घालत होता.
तिसरी गर्द हिरवी.
"एक लाख अठ्ठेचाळीस हजार. एकच मालक."
ओग्न्याननं बॉनेटवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"कोमट आहे," तो आपल्या भाषेत पुटपुटला,
"आधीच सुरू करून ठेवली होती."
थंडीत कशी उठते ते आता कळणार नव्हतं.
त्स्वेतान गाडीखाली शिरला, नुसते बूट दिसत होते.
बूट म्हणाले, "गंज नाही."

मी मागे बसले, सासूबाईंच्या जागी. गुडघे मावत होते.
समोरच्या सीटच्या खिशात हात गेला
आणि हाताला वही लागली. चौकटींची.
तारीख, लिटर, किलोमीटर.
तारीख, लिटर, किलोमीटर.
अकरा वर्षांचं डिझेल, बारीक टोकदार अक्षरात.
शेवटची पानं हलत गेलेली,
सातांचे एक झालेले, ओळी उताराला लागलेल्या.
हे अक्षर ओळखीचं. औषधांच्या डब्यांवर वाचलंय.
कडेला मधूनच शब्द: समुद्र. इल्झेचा दात. बर्फ, साखळ्या.
एका नोंदीपुढे नुसतंच: एकटा.
शेवटची नोंद
दोन लाख एक्क्याण्णव हजार चारशे सहा.

मीटर मात्र एक लाख अठ्ठेचाळीस हजार सांगत होता,
डोळ्याला डोळा भिडवून.

वही हॉल्गरपुढे धरली.
त्यानं वाचली. बराच वेळ, बहुतेक समुद्रापर्यंत.
मग जुडगा या हातातून त्या हातात.
"मी घेतली तेव्हा अशीच होती."
एकमेकांवर विश्वास न ठेवता
आम्ही दोघं गप्प राहिलो.

"चल," ओग्न्यान म्हणाला, "तीन लाख म्हणजे म्हातारी घोडी."
त्स्वेतानला बेल्टची काळजी, फिल्टरची काळजी,
ऑस्ट्रियातल्या चढांची काळजी.
मी पानं उलटत होते.
बेल्ट बदलला दोन लाख चाळीस हजारला, पावती टाचलेली.
तेल दर बारा हजारांनी, एकदाही न चुकता.
"एकटा" लिहिलं त्या महिन्यातही.

"कितीला?" मी विचारलं.
माझं जर्मन न्हाणीघरातलं:
वळा, हात वर करा, दुखतंय का.
आकडे मात्र पक्के येतात.
चार हजारांवरून अठ्ठावीसशेवर उतरायला
त्याला दोन सिगारेटी लागल्या.

लाल पट्टीची पाटी लावून निघालो.
कालाफातला, पुलाच्या अलीकडे, टाकी भरली.
डॅन्यूबवर अजून अंधार होता.
ओग्न्यान पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला,
आता मोजे दोन्ही रिकामे.
मी पेन शोधलं. तारीख. सेहेचाळीस लिटर.
मीटरच्या आकड्यात एक लाख त्रेचाळीस हजार चारशे सहा मिळवून,
हॉल्गरनं काही पळवली असेल ती त्याच्या माथी,
किलोमीटर लिहिले.
यापुढे दर वेळी ही बेरीज माझ्याकडे.

कडेची जागा मोकळी होती.
त्स्वेतान हॉर्न वाजवायला लागला.
घाईघाईत लिहिलं:
हीटर एकाच बाजूला चालतो.