तिसऱ्या ओळीखाली

पालिकेने ठरवलं, बेटाच्या दर्शनी पानावर
बातम्यांना जागा हवी.
आजवर तिथे एकच फोटो होता, गवती छपरांचा,
उन्हातला. असं ऊन इथे वर्षातून अकरा दिवस.
खाली फेरीबोटीचं वेळापत्रक.
रॉग्वी म्हणाला, तिकिटं तू फाडतेस, तूच लिही.
तीन ओळींचा चौकोन. ताजी वर,
शिळी खाली, त्याहून शिळी बाहेर.

बातम्या? एकशे सात माणसं आम्ही.
इथे किटली उकळली की टेकडीपलीकडे कळतं
कोण आलंय आणि तो साखर किती घेतो.
वेशीवर टांगायचं तर आधी वेस हवी.
आम्हाला धक्का आहे, मग थेट समुद्र.

तरी लिहिलं.
बंदराचा दिवा दुरुस्त झाला.
डाव्या कानाला खाच असलेली मेंढी सापडली, मालकाने न्यावी.
(मालक माझ्या शेजारी उभा होता, मेंढीसकट.
म्हणाला, असू दे, छान दिसतंय.)
आणि मार्चच्या नऊ तारखेला:
आस्ला वारली. दफन शनिवारी, वारा पडला तर.

वारा पडला नाही. दफन झालं.

तेव्हापासून हानुस रोज येतो. जायचं कुठेच नसतं.
प्रतीक्षाखोलीत पडदा लावलाय भिंतीवर,
त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहतो, वाचतो,
एका ओळीला लागावा त्याहून जास्त वेळ.
मग टोपी घालतो. दार नीट ओढून घेतो.

शाळेत नवी शिक्षिका आली. आस्ला दुसऱ्या ओळीवर.
पाण्याची टाकी धुवायची निघाली. आस्ला तिसऱ्या.
तिसऱ्या ओळीखाली काठ नसतो.
काठावर जन्म गेलेल्या मला
हे आधी कळायला हवं होतं.

मग मी बातम्या गिळू लागले.
सोमवारपासून सकाळची बोट चाळीस मिनिटं आधी,
ही पोटातच ठेवली.
भेटेल त्याला तोंडी सांगत सुटले,
दुकानात, चर्चच्या पायरीवर, एकाला तर त्याच्या खिडकीतून.
बार्बा तेवढी राहिली.
आली धापा टाकत, दोन्ही हातांत स्वेटरांची खोकी,
बोट वळणाआड, मागे नुसता धूर.
माझं बोट अडलं, म्हणून तिची बोट सुटली.

चार तास बसली. विणत होती.
मी कॉफी दिली. एरवी विकते.
तिने पडदा वाचला, मग मला वाचलं,
एक चुकलेला टाका उसवला, परत घातला.
"आस्ला असती," म्हणाली,
"तर त्या मेंढीसारखे तुझे कान करून ठेवले असते."
टोर्सहावनच्या दुकानदाराचं काय झालं
ते मी अजून विचारलेलं नाही.

त्या रात्री बोटीची ओळ लिहिली.
लिहून तशीच ठेवली.

सकाळी हानुस. टोपी डोक्यावरच.
पडद्याकडे न जाता सरळ माझ्या खिडकीशी.
"लिही," म्हणाला, "आस्लाच्या वाफ्यात
रुबार्ब वर आलंय. तांबडं. बोटभर."
"कधी?"
"काल. की परवा. धुकं होतं ना.
काल लिही."

आधी बोटीची ओळ चढवली, मग त्याची.
तो पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही,
तिकिटांची चळत उगाच सरळ करत राहिले.
खालची ओळ गेली. आवाज होत नाही त्याचा.
वर तिचं नाव होतं, वाफ्याच्या आधी.

"आता मेंढ्या शिरतील," तो म्हणाला,
"कुंपण बघायला हवं."
आणि गेला. दार उघडंच राहिलं,
वारा आत येऊन
माझी सगळी तिकिटं वाचून गेला.