सहा-शून्य, सहा-एक

साल्तोच्या टेनिस क्लबात निकाल अजून खडूनं लिहितात
आणि ते काम माझ्याकडे.
एरवी मी टॉवेल धुते.
आठवडाभर लाल पाणी गटारातून नदीकडे जातं,
नखांत राहतं ते वेगळंच.

सोमवारी बत्तीस नावं.
हानाक, लाकास, इरिबार्रेन,
एका नावात इतकी जोडाक्षरं की मी ते दोनदा पुसलं.
तिसऱ्यांदा त्या मुलानंच खडू माझ्या हातून घेतला,
न हसता, वळणदार, नीट लिहून दिलं
आणि दुपारी हरला.
त्याच्यासारखं अक्षर मला पुढच्या रकान्यात काढावं लागलं नाही.

हा फळा म्हणजे आडवं पाडलेलं झाड,
माझा नवरा म्हणायचा.
तो संत्र्यांची कलमं बांधायचा, त्याला झाडांतलं कळायचं.
तुझं झाड उलटं आहे नेलिदा,
फांद्यांकडून खोडाकडे वाळत येतं.

बत्तिसातल्या एकतिसांनी हरायचं, एवढंच गणित.
कुणाचा घोटा मुरगळला तर नावापुढे मी लिहिते: सोडला.
काय काय सोडलं
ते मावेल एवढा रकाना नसतो.

आमचा गास्पार मंगळवारी खेळला.
सतरा वर्षांचा, गावचा म्हणून यादीत घेतलेला.
समोर हानाक: तेहतीस वर्षं, गुडघ्याला पट्टी,
चेहऱ्यावर शंभर विमानतळांची झोप.
अठ्ठेचाळीस मिनिटांत संपलं.
त्यातली बारा मिनिटं एकाच गेमची.

तो गेम मी दोरीवर टॉवेल वाळत घालताना पाहिला.
बरोबरी, पुन्हा बरोबरी, पुन्हा.
मोसंबीच्या फुलांचा वास इतका दाट
की पंचांनाही शिंक आली.
मग गास्पारचा एक फटका पार कोपऱ्यात,
पंच खुर्चीवरून उतरायला लागले खूण बघायला,
तोवर हानाकनंच ती बुटानं पुसून टाकली.
म्हणजे आत होता. म्हणजे तुझा.
तो एक.

संध्याकाळी मिर्ता आली, गास्पारची आई,
गरम झऱ्यावर तिकिटं फाडते, तोच निळा एप्रन अंगात.
फळ्यासमोर उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.
मला वाटलं म्हणेल, ते शून्य तेवढं पूस.
म्हणाली, एकचा आकडा जरा ठळक काढ ना.
मी म्हटलं, फळ्याला नियम असतो बाई,
सगळे आकडे सारखे.
ती बरं म्हणाली आणि गेली,
बस चुकली असावी, बराच वेळ फाटकाशी दिसत होती.
मी नवा खडू मोडला.

मग बुधवार, गुरुवार, वाळत गेलेल्या फांद्या.
लाकासनं रॅकेट तोडलं आणि स्वतःच झाडून घेतलं.
शनिवारी माझी कंबर धरली,
उपांत्य फेरी चौकीदाराच्या पोरीनं लिहिली,
सगळे सात आरशातल्यासारखे उलटे.

रविवारी हानाक जिंकला.
सहा-चार, तीन-सहा, सात-सहा.
टाळ्या वाजल्या, पाऊणशे माणसांच्या वाजतात तेवढ्या.
चेक घेऊन, केस ओलेच, तो मोंतेविदेओची बस गाठायला निघाला.
दुसऱ्या गावी उद्यापासून पुन्हा बत्तीस.

जाता जाता फळ्यापाशी थांबला.
शेवटच्या चौकटीत मी त्याचं नाव लिहीत होते,
तिकडे त्यानं पाहिलंच नाही.
पार डावीकडे, पहिल्या रकान्यात,
बोट ठेवलं त्या एकवर,
आणि भुवया उंचावल्या: हा असा का?

मला त्याची भाषा येत नाही.
मी चप्पल पुढे केली
आणि फरशीवर एकदा घासली.

तो गुडघा न वाकवता खाली बघत राहिला,
जणू तिथं खरंच काही उमटलं होतं.
मग मान हलवली, बॅग उचलली.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
मी अजून फळा पुसलेला नाही,
उद्या इथं संत्र्यांचे भाव लिहायचेत.